स्टेंट बसल्यानंतर व्यायाम किती जोराचा?

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाला कोल्हापुरात दोन टोकांचे सल्ले मिळतात. घरची माणसे म्हणतात, आता गप पडून राहा, जिना चढू नका, पिशवी उचलू नका. कट्ट्यावरची मंडळी म्हणतात, घाम निघाला पाहिजे, त्याशिवाय रक्त मोकळे होत नाही. पहिल्या सल्ल्यामागे भीती असते आणि दुसऱ्यामागे तालमीच्या गावाची ईर्षा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे अँजिओप्लास्टी आज सामान्य घरांपर्यंत पोचली आहे, पण तिच्यानंतर चालायचे किती आणि कोणत्या गतीने, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या वेळेसकट लिहिलेल्या असतात आणि व्यायामापुढे ‘नियमित चालणे’ एवढेच. या लेखाचे म्हणणे असे, की व्यायामाचा जोर हाही औषधाच्या मात्रेसारखा मोजून घ्यायचा असतो. तो ईर्षेने ठरत नाही आणि भीतीनेही ठरत नाही. तो ठरतो तुमच्या स्वतःच्या स्ट्रेस टेस्टवर. व्यायाम असा मोजून का घ्यायचा, याचे एक संभाव्य कारण रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या दुरुस्तीत आहे.

स्टेंट अडलेली जागा उघडतो, आजार बरा करत नाही. हृदयाच्या धमन्यांना आतून पेशींचा एकपदरी थर असतो. रक्ताच्या गाठी होऊ न देणे, गरजेप्रमाणे धमनी रुंद करणे आणि सूज आटोक्यात ठेवणे ही या अस्तराची कामे. तंबाखू, मधुमेह, चढता रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे ते जागोजागी खराब होते आणि तिथेच चरबीचे थर धरतात. हे अस्तर एकदा फाटले की आजूबाजूच्या पेशीच ते कसेबसे सांधतात, असे पूर्वी मानले जाई. 1997 मध्ये ताकायुकी आसाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधून दाखवून दिले, की प्रौढ माणसाच्या वाहत्या रक्तात अशा काही पेशी असतात ज्या पुढे अस्तराच्या पेशींसारख्या होऊ शकतात. त्यांना एंडोथेलियल प्रोजेनिटर सेल म्हणतात. आपण दुरुस्तीपेशी म्हणू. त्या अस्थिमज्जेतून रक्तात येतात असे पुढे दिसले.

पुढच्या काही वर्षांत या पेशींचा आणि हृदयविकाराचा संबंध स्पष्ट होत गेला. 2003 मध्ये 45 पुरुषांच्या तपासणीत दिसले, की ज्यांचा हृदयविकाराचा धोका जास्त त्यांच्या रक्तात या पेशी कमी. 2005 मध्ये जर्मनीतील 519 हृदयरुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा ज्यांच्या रक्तात या पेशी भरपूर होत्या त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण कमी निघाले. त्याच अभ्यासात नव्याने येणाऱ्या हार्ट अटॅकशी मात्र या संख्येचा संबंध लागला नाही. ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही म्हणून इथे मुद्दाम नोंदवली. धूम्रपान सोडले की या पेशी वाढतात, स्टॅटिनच्या गोळ्यांनी वाढतात, मधुमेहात घटतात. आणि व्यायामाने वाढतात.

त्या व्यायामाने का वाढतात, हे समजले की जोराचा प्रश्न निम्मा सुटतो. आपण भराभर चालू लागलो की रक्ताचा वेग वाढतो आणि ते अस्तरावर जास्त जोराने घासत जाते. त्या घर्षणाला उत्तर म्हणून अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्याने धमनी सैल होते. अस्थिमज्जेतून दुरुस्तीपेशी सुटायलाही हाच वायू लागतो. तो तयार करणारे विकर नसलेल्या उंदरांमध्ये या पेशी नीट सुटत नाहीत असे 2003 मध्ये दाखवले गेले. म्हणजे घर्षण पुरेसे वाढले पाहिजे आणि ते काही वेळ टिकले पाहिजे. जर्मनीतल्याच उलरिश लाउफ्स यांच्या गटाने निरोगी माणसांना धावायला लावून हे तपासले. तीस मिनिटे मध्यम गतीने धावल्यावर पेशी वाढल्या, तीस मिनिटे जोरात धावल्यावरही वाढल्या; दहा मिनिटे मध्यम गतीने धावल्यावर वाढल्या नाहीत. इथे जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा ठरला. याच गटाने त्याआधी, 2004 मध्ये, 19 स्थिर हृदयरुग्णांना 28 दिवस मध्यम व्यायाम दिला होता. त्यांच्याही रक्तात दुरुस्तीपेशी वाढल्या आणि त्या मरण्याचे प्रमाण घटले.

एका वेळच्या व्यायामाने वाढलेली संख्या मात्र टिकत नाही. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत ती पूर्वपदावर येते. रविवारी सकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आठवडाभर गल्ल्यावर बसणाऱ्याला हा व्यायाम का लागू पडत नाही, याचे हे एक उत्तर. शरीराला घर्षणाचा निरोप पुन्हा पुन्हा पोचवावा लागतो, आठवड्यातून किमान पाच दिवस.

आता आक्षेप. पहिला साहजिक आहे: जोराने चालल्यावर फायदा होतो, तर आणखी जोराने आणखी का होणार नाही? या प्रश्नाला वैद्यकातही मोठा इतिहास आहे. 2007 मध्ये नॉर्वेत उलरिक विस्लॉफ यांनी हृदय कमजोर झालेल्या 27 रुग्णांवर प्रयोग केला. एका गटाला चार-चार मिनिटांचे चार जोरदार टप्पे दिले, नाडी कमाल गतीच्या 90 ते 95 टक्क्यांपर्यंत नेणारे. दुसऱ्याला सलग मध्यम चाल दिली. जोरदार गटाची श्रमक्षमता 46 टक्क्यांनी वाढली, मध्यम गटाची 14 टक्क्यांनी. जगभर इंटरव्हल ट्रेनिंगची लाट आली ती इथून. पण मोठ्या अभ्यासात हा फरक विरला. बेल्जियममध्ये 200 हृदयरुग्णांवर बारा आठवडे हीच तुलना झाली, 2015 मध्ये निष्कर्ष आले, आणि दोन्ही गटांची श्रमक्षमता जवळजवळ सारखीच, वीस-बावीस टक्क्यांनी वाढली. 2017 मध्ये 261 रुग्णांच्या युरोपीय चाचणीतही जोरदार व्यायाम वरचढ ठरला नाही. त्या चाचणीतली एक गोष्ट उपदेशाच्या पानभर मजकुरापेक्षा बोलकी आहे. ज्यांना जोरदार व्यायाम सांगितला होता त्यांतले निम्मे सांगितल्यापेक्षा हळू करत होते आणि ज्यांना मध्यम सांगितला होता त्यांतले पाचातले चार जास्त जोराने. तेही प्रशिक्षित देखरेखीखाली! स्वतःच्या अंदाजाने जोर ठरवणे किती फसवे असते, ते यावरून कळते.

धोक्याचे काय? नॉर्वेतील तीन पुनर्वसन केंद्रांनी 4,846 हृदयरुग्णांच्या व्यायामाचे तास मोजून 2012 मध्ये प्रसिद्ध केले. मध्यम व्यायामाच्या 1,29,456 तासांत एक जीवघेणा कार्डिअ‍ॅक अरेस्ट झाला. जोरदार व्यायामाच्या 46,364 तासांत दोन अरेस्ट झाले, दोघेही वाचले. दोन्हीकडे धोका अगदी थोडा. घाबरून अंथरूण धरणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. पण पुनर्वसन केंद्रात शेजारी डिफिब्रिलेटर असतो आणि तो चालवणारा माणूस असतो. पन्हाळ्याच्या चढावर तो नसतो.

यापेक्षाही महत्त्वाचा आकडा 1993 चा आहे. अमेरिकेत मरे मिटलमन यांनी हार्ट अटॅक आलेल्यांना विचारले, की अटॅकच्या तासभर आधी तुम्ही काय करत होता. जोराच्या श्रमानंतरच्या तासात अटॅकचा धोका एकूण सहापट वाढलेला दिसला. जे आठवड्यातून एकदाही जोराचे श्रम करत नव्हते त्यांच्यात तो शंभरपटीहून जास्त होता. जे पाच किंवा अधिक वेळा करत होते त्यांच्यात अडीचपटीच्याही आत. मूळ धोका छोटा असतो, त्यामुळे शंभरपट ऐकून दचकायचे कारण नाही, पण दिशा स्पष्ट आहे. श्रम माणसाला मारत नाहीत, सवय नसलेले श्रम मारतात. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जायचे ठरवून आदल्या आठवड्यात बूट घेणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांनी, किंवा चैत्र यात्रेत वर्षातून एकदाच जोतिबाच्या पायऱ्या चढणाऱ्यांनी हा मुद्दा मनावर घ्यावा. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी कसलेल्या गड्याशी धरत नाही. महिनेन्‌महिने मेहनत करून घेतो, मग हौद्यात लढत लावतो. हृदयाच्या बाबतीत आपण एवढाही धीर धरत नाही.

दुसरा आक्षेप अर्धवट वाचन करणाऱ्यांकडून येतो आणि तो जास्त घातक आहे. लाइपझिगच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये दाखवले, की व्यायाम करताना ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडले त्यांच्या रक्तात पुढच्या एक-दोन दिवसांत दुरुस्तीपेशी वाढल्या. ज्यांना ते कमी पडले नाही त्यांच्यात वाढल्या नाहीत. मग छातीत थोडे भरून आले तर बरेच की, असा तर्क कोणी करील. तो साफ चुकीचा आहे. हृदयाला रक्त कमी पडते तेव्हा ठोका बिघडू शकतो आणि तो बिघाड दुरुस्तीपेशींची वाट पाहत थांबत नाही. शिवाय 2020 मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून आलेल्या अभ्यासात व्यायामाच्या तपासणीच्या वेळीच रक्त घेतले, तेव्हा ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडत होते त्यांच्यात अशा पेशी उलट घटलेल्या आढळल्या, आणि ज्यांच्यात त्या घटल्या त्यांना पुढे जास्त त्रास झाला. म्हणजे शरीर दुखापतीला उत्तर देते खरे, पण ती मुद्दाम करून घेण्यासारखी दुखापत नाही. छातीत दाब जाणवू लागतो त्या पातळीच्या खाली राहून, पण आळशी चालीच्या वर, असा जो पट्टा उरतो तोच आपला.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांचाच आहे आणि तो सगळ्यांत वजनदार. दुरुस्तीपेशी म्हणून मोजल्या गेलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा प्रत्यक्षात पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या असतात. त्या स्वतः अस्तर होत नाहीत, फक्त दुरुस्तीला मदत करणारी रसायने सोडतात. खऱ्या अर्थाने अस्तर बनू शकणाऱ्या पेशी रक्तात फार विरळ असतात आणि त्या कुठून येतात यावर वाद आहे. मग एवढ्या डळमळीत पायावर सल्ला कसा द्यायचा? उत्तर असे, की सल्ला या पेशींवर उभा नाही. मध्यम आणि नियमित व्यायामाने हृदयरुग्णांच्या धमन्यांचे अस्तर सुधारते हे लाइपझिगच्या राइनर हाम्ब्रेख्त यांनी 2000 मध्येच थेट धमनीत मोजून दाखवले. त्यांनीच स्थिर छातीदुखीच्या 101 पुरुषांपैकी निम्म्यांना स्टेंट बसवला, निम्म्यांना रोज वीस मिनिटे सायकलचा व्यायाम दिला. जोर एवढाच, की त्रास सुरू होतो त्या नाडीच्या 70 टक्के. वर्षाअखेरीस व्यायामाच्या गटातले 88 टक्के मोठ्या त्रासाशिवाय राहिले, स्टेंटच्या गटातले 70 टक्के. हे स्थिर रुग्णांबद्दल आहे. अटॅक चालू असताना स्टेंटला पर्याय नाही, हे विसरू नये. आणि 2016 च्या कोक्रेन आढाव्यात, 63 चाचण्यांतल्या चौदा हजारांवर रुग्णांमध्ये, व्यायामावर आधारित पुनर्वसनाने हृदयविकाराचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले. दुरुस्तीपेशी हे त्यामागचे एक संभाव्य कारण आहे. उद्या ते खोडले गेले तरी चालणे थांबवायचे कारण नाही. त्याच न्यायाने, हृदयासाठी स्टेम सेलचे इंजेक्शन देतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून लांब राहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयविकारावर असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर देता येत नाही.

आता प्रत्यक्ष हिशोब. समजा, वय 58, स्टेंट बसून सहा आठवडे झाले, मेटोप्रोलॉल चालू आहे. वयातून नाडी काढायचे ‘220 वजा वय’ हे सूत्र इथे निकामी, कारण ही गोळी नाडी पुरेशी वाढू देत नाही. त्यासाठी नेहमीच्या गोळ्या घेऊन ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करावी लागते. समजा, बसल्या जागी नाडी 64 आहे आणि टेस्टमध्ये ती कोणत्याही त्रासाशिवाय 124 पर्यंत गेली. मधले अंतर 60. त्याचे 40 टक्के म्हणजे 24, आणि 60 टक्के म्हणजे 36. ते 64 मध्ये मिळवले की 88 ते 100 हा तुमचा पट्टा आला. मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजले तर 22 ते 25 ठोके. पण टेस्टमध्ये 104 वर ईसीजी बदलला असेल, तर वरची मर्यादा त्याच्या दहा ठोके खाली, म्हणजे 94. हा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा. ठोका अनियमित असेल तर मोजणी फसते. तेव्हा बोलण्याची कसोटी वापरावी. वाक्य पूर्ण बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येता कामा नये. रंकाळ्यावर राजकारणावर अखंड भाषण करत चालणाऱ्यांचा वेग कमी पडतो, आणि ज्यांना ‘हं’ एवढेच म्हणता येते त्यांनी पाऊल आवरावे.

सुरुवात दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन चालींनी करावी आणि वेळ आधी वाढवावा, वेग मागाहून. तीन-चार आठवड्यांत सलग तीस मिनिटांवर यावे. सुरुवातीची पाच ते दहा मिनिटे संथ आणि शेवटचीही तशीच, कारण जोरात चालून एकदम थांबले की रक्तदाब घसरून चक्कर येते. महिन्या-दोन महिन्यांनी, टेस्ट चांगली असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर, मधे एक-एक मिनिट पाऊल उचलून पुन्हा सावकाश यावे. इंटरव्हलची एवढी चव घरच्या घरी पुरे. पूर्ण प्रमाणातला जोरदार व्यायाम देखरेखीखालीच करावा. जोर आणि बैठका यांचा मोह असणाऱ्यांना एवढेच, की श्वास कोंडून केलेल्या जोरात रक्तदाब झटकन चढतो. हलकी वजने श्वास सोडत उचलायला हरकत नाही, पण बायपास झाला असेल तर छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, जोर आणि जड वजन वर्ज्य.

‘आमचा व्यायाम कामातच होतो’ असे शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा गुऱ्हाळावर राबणारा माणूस म्हणतो, तेव्हा ते उडवून लावता येत नाही. पण कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत, 2021 मध्ये, फावल्या वेळातल्या हालचालीने हृदयविकार घटलेला दिसला आणि कामावरच्या जड श्रमाने वाढलेला. गरिबी आणि तंबाखूचा हिशोब वजा केल्यावरही फरक उरला, अर्थात तो पूर्ण वजा होतो का याबद्दल शंका घेता येते. कारण समजण्यासारखे आहे: काहिलीपुढे तासन्‌तास उभे राहून, उष्णतेत, ओझे तोलून धरण्यात नाडी आणि दाब दिवसभर वर राहतात आणि विसावा मिळत नाही. अशा माणसाला कामानंतर आणखी मेहनत नको, पण सुट्टीच्या दिवशी मोकळी, सलग चाल हवी. योगासने करणाऱ्यांसाठीही एक निष्कर्ष आहे. भारतातल्या 24 केंद्रांवर अटॅक येऊन गेलेल्या 3,959 रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. 2020 मध्ये आलेल्या निष्कर्षात रुग्णांना बरे वाटले, ते पूर्वीच्या कामांकडे अधिक परतले, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे अटॅक यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. योग करावा, चालणे सोडून नव्हे.

काही दिवशी व्यायाम करूच नये: ताप असताना, रात्रीत छातीत दुखले असेल तर, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढून पायावर सूज आली असेल तर. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारल्यानंतर दोन तास तरी थांबावे. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा गोळी घेणाऱ्यांनी अनशापोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. चालताना छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी, ठोक्यांची धडधड यांपैकी काही झाले तर तिथेच थांबून बसावे. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती घ्यावी, आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर 108 ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत दवाखाना गाठू नये.

पुढच्या तपासणीला सीपीआर रुग्णालयात जा किंवा खासगी दवाखान्यात, डॉक्टरांना ‘चाललं तर चालेल का’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमीच हो येते. ‘माझी नाडी किती ते कितीमध्ये ठेवू, आणि कितीच्या वर नेऊ नको’ असे विचारा, आणि ते दोन आकडे गोळ्यांच्या यादीखाली लिहून घेतल्याशिवाय उठू नका.